सड्यावरचे आप्पा

ट्रॉन्डहाइम, नॉर्वे
श्रावण

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल दादाचा फोन आला होता. आप्पांच्या वर्षश्राद्धाचं बोलत होता. मध्येच म्हणाला, "जन्मभर राबले गं, सुख म्हणून नाही मिळालं त्यांना." दिवसांना आलेले सगळेही हेच बोलत होते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

राबले हे खरंच. एसटीची ड्युटी, आठवड्यातून वस्तीची गाडी, आणि सुट्टी मिळाली की सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, आंब्याची कलमं. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, मळ्यातली माती डोक्यावरून वर नेऊन ते भरले, कलमं धरेपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात कावडीने पाणी घातलं. आमची शिक्षणं, आत्याचं लग्न, घरावरची नवी कौलं, सगळं त्यातूनच झालं. पण आई, सड्याची वाट लागली की त्यांची चाल कशी बदलायची ते तू पाहिलंयस. डेपोतून आलेला थकलेला माणूस तो नव्हेच.

एकदा पाणी नेताना त्यांनी कावड मध्येच खाली ठेवली आणि मला हाताने थांबवलं. उघड्या कातळावर टिटवीची अंडी होती, खड्यांच्या रंगाची. मी तर पायच देणार होते. आप्पांनी हातभर अंतरावर चार बाजूंना चार दगड ठेवले आणि आपली पायवाट वळवली. पिल्लं निघून गेल्यावरही कितीतरी दिवस आम्ही त्या वळणानेच जायचो.

बारसूच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रंही त्यांनीच दाखवली. माणसं त्यांना पांडवांची म्हणायची. आप्पा चपला काढून उभे राहायचे आणि आम्हालाही काढायला लावायचे. २०२२ साली ती कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा घरात पेढे वाटणारे ते एकटेच! पहिला पाऊस पडला की दीपकाडीची पांढरी फुलं बघायला जायचं, भाद्रपदात सीतेची आसवं. या दोन्हींसाठी ते रजा टाकायचे, आजारपणात मात्र कधी टाकली नाही. याचा मला आजही राग येतो, आणि तुलाही येत असणार.

आंबा काढतानाही तसंच. चौदा आणे तयार झाल्याशिवाय काढणीची घळ लावायची नाही, देठ मोडून चीक सांडला की पेटीत भरायचा नाही. व्यापारी घाई करायचे, पण आप्पा फळाचा खांदा बघून "अजून चार दिवस" म्हणायचे आणि फांदीवरच्या आंब्याला नुसता हात लावून पुढे जायचे. यात कष्ट नव्हते असं नाही. पण सुख नव्हतं असं कुणी म्हणू नये.

इथे माझ्या ऑफिसातली माणसं रविवारी मुद्दाम रानात चालायला जातात. मीही जाते. तिथे आप्पा फार आठवतात. त्यांना चालायला म्हणून वेगळं निघावंच लागलं नाही. हातात कोयती तरी असायची नाहीतर खांद्यावर पागाचं जाळं. ओहोटीला खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहून पाग फेकायचे, तेव्हा शिशाचे मणी पाण्यावर एकदम गोल पडायचे. बोय मासळी मिळाली तर शेजारी वाटा आधी जायचा, मग आपल्या तव्यावर.

दादा बाग कराराने द्यायची म्हणतो. त्याची नोकरी मुंबईला, त्याला दोष नाही. खालची बाग द्या. वरची, आप्पांनी स्वतः लावलेली कलमं मात्र राहू देत, त्यांच्या फवारणीचा आणि राखणीचा खर्च मी पाठवीन. भाद्रपदात मुलांना घेऊन ये म्हणावं, त्यांना एकदा सडा फिरवून आणू दे.

पाग माळ्यावर असेल तर खाली काढ, उंदीर कुरतडतील. ओसरीवरच्या खुंटीला टांगून ठेव. दादाला फेकता येतो, त्यानेच मुलांना शिकवावं. गुडघ्याला तेल लावतेस ना? औषध संपलं की आत्याला सांग, ती शनिवारी राजापूरला जाते.

तुझी,
बाय