यादीतला दिवा कशासाठी?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पॉडकास्ट सुरू करतेयस हे आईकडून कळलं आणि पाठोपाठ तुझी खरेदीची यादीही आली. कंडेन्सर माइक, आवाजाचा मिक्सर, भिंतींना लावायचा फोम, शिवाय एक गोल दिवा. दिवा कशासाठी ते मला कळलं नाही. ऐकणाऱ्याला तुझा चेहरा दिसणार नाही. आणि कमी वस्तूंत कसं जगावं हे सांगायला बसलीस की पहिल्याच भागात कोणीतरी विचारणार, "तुझ्या खोलीत नवीन काय काय आलं?"

आयुष्यभर लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, म्हणून सांगतो. यादी फाड. मोबाइलच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो वापरताना नाही, बनतानाच होतो. म्हणजे हातात आहे तोच फोन वापरणं हे तुझ्या विषयाला धरूनच झालं. कंडेन्सर माइक फार चौकस असतो. पंखा, शेजारचं दार, खालचा हॉर्न, सगळं टिपतो. साध्या खोलीत जवळचाच आवाज घेणारा डायनॅमिक माइक बरा, आणि तो जुना चालतो. ही यंत्रं वर्षानुवर्षं टिकतात. कोणाकडे पडून असेल तर मागून आण. फोमऐवजी कपड्यांचं कपाट उघड आणि त्याच्याकडे तोंड करून बोल. घुमणारा आवाज कापड शोषून घेतं, उघडी भिंत परत फेकते. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेव, नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसतो. बोलायच्या आधी अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड कर. ऑडासिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात हीच शांतता मागची घरघर ओळखायला लागते आणि जिथे वाक्य कापलंस तिथे भरायलाही.

हे सगळं एका दुपारात जमेल. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. तू लिहितेस छान, पण तुझ्या लिखाणात आकडे खच्चून असतात. वाचणारा डोळा मागच्या ओळीवर जाऊन येतो. कान मागे जात नाही. ऐकणारा भांडी घासत असतो, नाहीतर चालायला निघालेला असतो.

पिशव्यांवरचा तुझा लेख आठव. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चा अहवाल तू दिला होतास. दुकानातली प्लास्टिकची पिशवी आणि साधी सुती पिशवी यांची तुलना करायची, तर नुसत्या हवामानावरच्या परिणामात बरोबरी व्हायला सुती पिशवी 52 वेळा वापरावी लागते. ओझोनच्या थरापासून सगळे परिणाम मोजले तर 7,100 वेळा. लेखात हे चाललं, कारण खाली तू नीट लिहिलंस की वाटेवर, नदीत, समुद्रात पडणारं प्लास्टिक त्या हिशेबात धरलेलंच नाही. हेच बोलून बघ. ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकटा 7,100 उरेल, आणि तो प्लास्टिकची पिशवी निश्चिंत मनाने उचलेल. बोलताना एवढंच सांग की घरात आहे ती पिशवी फाटेपर्यंत वापरा, फुकट मिळते म्हणून आणखी एक सुती घेऊ नका. आकडे आणि संदर्भ भागाच्या लिखित रूपात घाल. ते लिखित रूप ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तसंही द्यायलाच हवं.

एका भागात एकच आकडा, तोही खरोखर मोठा असेल तर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 च्या अहवालात म्हटलंय की 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. पहिला भाग यावर कर. तुझ्या यादीत पहिला विषय बांबूचा टूथब्रश आहे. तो राहू दे मागे. छोट्या गोष्टीला मोठ्या आवाजात बोललं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. "आपण सर्वांनी ठरवायला हवं" हे वाक्य तर कागदावर खपून जातं, पण कानात गेलं की शाळेतलं भाषण होतं. एकाच माणसाशी बोल, समोर बसलाय असं समजून.

पाहुणे म्हणून तज्ज्ञ बोलव, पण दरवेळी नको. जुने मिक्सर दुरुस्त करणारा, कचरा वेगळा करणाऱ्या बाई, इमारतीत खतखड्डा चालवून कंटाळलेला सेक्रेटरी, यांना बोलव. कंटाळा कधी आला, काय सोडून दिलं, घरातलं कोण भांडलं, हे विचार. उत्तर यायला वेळ लागला तर तू बोलू नकोस. नवे मुलाखतकार ती दोन सेकंदं भरून काढतात आणि चांगलं उत्तर तिथेच मरतं.

प्रायोजक येतील. 'पर्यावरणपूरक' एवढ्या एका शब्दावर वस्तू विकणाऱ्याला विचार, कशाच्या तुलनेत? उत्तर नाही मिळालं तर नाही म्हण.

थोडं तांत्रिक. नुसत्या बोलण्याला स्टिरिओ लागत नाही. 64 केबीपीएसची (सेकंदाला 64 किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, एमपी3 पुरते, अर्ध्या तासाचे साधारण 14 एमबी होतात. जिथे नेट मंद आहे तिथेही उतरेल. मुखचित्र चौकोनी, 1400 ते 3000 पिक्सेल. संगीत घेशील तर परवाना वाच. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' लिहिलंय म्हणून सगळं मोकळं नसतं, काहींत व्यावसायिक वापर चालत नाही. आणि आरएसएस फीड, म्हणजे ज्या दुव्यावरून ॲप नवे भाग उचलतात तो, तुझ्याच नावावर, तुझ्याच ईमेलवर ठेव. उद्या फाइल्स ठेवायची सेवा (होस्टिंग) बदललीस तर श्रोते तुझ्याबरोबर यायला हवेत.

दर आठवड्याचं वचन देऊ नकोस. सहा भागांचं एक पर्व जाहीर कर, निम्मे तयार झाल्याशिवाय पहिला सोडू नकोस.

पहिलं रेकॉर्डिंग झालं की न कापलेली मूळ वेव्ह फाइल मला पाठव, चॅटवर व्हॉइस मेसेज करून नको, आवाजाचा चुरा होतो. मी कापून देणार नाही. कुठे कापावं ते मिनिट-सेकंदासकट लिहून कळवीन. आईला पाहुणी म्हणून बोलवायचं तुझ्या मनात आहे असं दिसतंय. ते तिलाच विचार, माझ्यामार्फत नको.

तुझा,
बाबा