शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे असं जाहीर.

मी प्रेसवाला नव्हे. तिकीट काढून पायरीवर बसायचं आणि ७०-३०० मिलिमीटरच्या जुन्या लेन्सनं फुटबॉल टिपायचा, एवढीच हौस. आपल्याकडे कोल्हापुरात संघांच्या नावातच 'तालीम' असते, म्हणजे पेठेतला आखाडा, त्यामुळे दोन पेठा समोरासमोर आल्या की गोलाआधी सगळं स्टेडियम उभं राहतं आणि माझ्या फ्रेममध्ये नुसत्या पाठी येतात. परवा पुढच्या रांगेतले एक काका मागं वळून ओरडले, "बसा की रं, पोरगं फोटू काढतंय!" आणि चक्क पाच-सहा जण खाली बसले. कोल्हापुरात, कॉर्नर किक असताना! (पोरगं बेचाळीस वर्षांचं आहे, पण असू दे.)

जाळीजवळच्या त्या पोराचे तर विशेष आभार. फोकस सारखा जाळीवरच अडकत होता. तो म्हणाला, "भावा, लेन्स जाळीला टेकव आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघड." अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; ते पूर्ण उघडलं की इतक्या जवळची तार फोकसच्या पार बाहेर जाते, विरघळूनच जाते म्हणा ना. संध्याकाळी उजेड उतरल्यावर शटर सेकंदाच्या १/१००० ठेवायला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० करावा लागला. फोटोत दाणे आलेत, पण हेडरच्या क्षणी चेंडू कपाळावर आहे.

शेंगदाणेवाल्या मावशी, अंधारात लेन्सचं टोपण शोधून दिलंत आणि वर पुडीचे पैसेही घेतले नाहीत. पुढच्या मॅचला देतो.