बाबा, चाकू यावेळी घरीच राहू दे

ती. आई, बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच "बरं, तिकडे पाऊस आहे का" विचारतात आणि आई फोन वहिनीकडे देऊन टाकते, म्हणून आता लिहूनच काढते. वहिनी वाचून दाखवेल. बाबा, मधेच उठून बागेत जायचं नाही.

बाबा, तुमचा तो खिशातला चाकू आपल्या अलास्काच्या क्रूझवर न्यायचा नाही. दादाला मी कालच सांगितलंय की बॅगा बंद करायच्या आधी तो काढून घे, पुसून जरा तेल लाव आणि कपाटात ठेव. राग आला तर माझ्यावर काढा, दादावर नको, तो "तूच सांग बाबांना, मला नाही जमायचं" म्हणत होता.

तो चाकू म्हणजे काय आहे ते मला माहीत नाही असं नाही हो बाबा. माझ्या सगळ्या परीक्षांच्या पेन्सिली त्यानेच तासल्या तुम्ही, शार्पनरने शिसं आतल्या आत तुटतं म्हणायचात, आणि तासून झालं की टोक स्वतःच्या तळहातावर टेकवून बघायचात, मग पेन्सिल माझ्या हातात. रत्नागिरीच्या एसटीत काकडी सोलायचात तेव्हा पहिली फोड मला, दुसरी दादाला, आणि आईने "मला नको" म्हटलं तरी तिसरी तिला. आणि पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं बांधताना त्या काडीला दोन्ही बाजूंनी तिरका छेद द्यायचात, एकाच ओढीत, परत हात फिरवायचा नाही. मी शेजारी प्लॅस्टिकच्या पट्ट्या धरून उभी असायचे आणि मला श्वास घ्यायची पण भीती वाटायची. हे सगळं लक्षात ठेवूनच सांगतेय, नियम वाचून उगाच हुकूम सोडत नाहीये.

तुम्ही म्हणालात पातं तीन इंचाचं पण नाही. बरोबर आहे, दादाने पट्टी लावून बघितलं, पावणेतीन भरलं. विमानाचा प्रश्न सरळ आहे, केबिनमध्ये चाकू कुठल्याच मापाचा चालत नाही. २००१ च्या आधी अमेरिकेत चार इंचाच्या आतला चाकू खिशात घेऊन विमानात बसता यायचं, ११ सप्टेंबरनंतर ते बंद झालं. २०१३ ला इकडच्या विमानतळ सुरक्षावाल्यांनी सहा सेंटिमीटरच्या आतले छोटे चाकू परत चालू करतो म्हणून जाहीर केलं होतं, पण एअर होस्टेस, पायलट, सगळ्यांनी इतका विरोध केला की जूनमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. काउंटरवर देतो त्या मोठ्या बॅगेत मात्र चालतो, आणि तुम्ही तेच धरून बसलाय की मग अडलं कुठे.

अडलं जहाजावर. क्रूझचं प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, काही जण चार इंचाखालचा खिशातला चाकू चालवून घेतात, काही जणांकडे चाकू म्हटलं की नाहीच, फक्त छोटी कात्री आणि दाढीचं सामान चालतं. आपलं जहाज दुसऱ्यातलं आहे. आणि यादीत बसत असलं तरी शेवटचा शब्द त्यांच्या सिक्युरिटीवाल्याचा, तिथे आपण "वेबसाइटवर लिहिलंय" म्हणून वाद घालू शकत नाही.

सिएटलला धक्क्यावर मोठ्या बॅगा हमाल घेतात, त्या एक्स-रेमधून जातात, आणि आपण वर चढल्यावर खूप वेळाने केबिनच्या दाराशी येतात, कधी कधी रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. ज्या बॅगेत काही दिसलं ती येतच नाही. ती खालच्या एका खोलीत ठेवतात, मग तुम्हाला बोलावतात, तिथे रांग, आणि तुमच्यासमोर बॅग उघडून एकेक कपडा बाजूला करतात. बाबा, मला तुम्ही त्या खोलीत उभे राहिलेले बघायचे नाहीत. तुम्ही इतकी वर्षं शाळा सांभाळलीत, तुमच्या पंचा-बनियनच्या घड्या कोणी परक्याने विस्कटाव्यात आणि तुम्ही इंग्रजीत खुलासे द्यावेत, हे मला सहन नाही होणार. त्यात चाकू जप्त केला तर शेवटच्या दिवशी परत मिळेलच याची खात्री नाही, चढताना काढून घेतलेल्या वस्तू बऱ्याच ठिकाणी टाकूनच देतात. मुंबईला काकांच्या बाबतीत जे झालं ते आठवा. तो चाकू कुठल्या तरी पिंपात जाण्यापेक्षा देवरुखला कपाटात असलेला बरा.

कारण सांगितल्याशिवाय तुम्हाला पटत नाही म्हणून हेही सांगते, आणि इतिहास तुम्हीच शिकवलाय आम्हाला. ऑक्टोबर १९८५ मध्ये अकिले लाउरो नावाचं इटलीचं प्रवासी जहाज इजिप्तजवळ चौघांनी ताब्यात घेतलं. ते चौघं रीतसर प्रवासी म्हणून चढले होते, हत्यारं सामानात. एका प्रवाशाचा जीव गेला त्यात. त्यानंतर जहाजांच्या सुरक्षेकडे जगाचं लक्ष गेलं, आणि जुलै २००४ पासून तर देशादेशांत फिरणाऱ्या प्रवासी जहाजांना आणि त्यांच्या बंदरांना ठरलेले सुरक्षा नियम पाळावेच लागतात. म्हणजे तुमच्या चाकूवर कोणाचा राग नाही. मशीनमध्ये पातं दिसतं, ते कोणाचं आहे ते दिसत नाही, एवढंच.

आणि हो, "जेवायला टेबलावर सुऱ्या देतातच की" हे तुम्ही म्हणणार, वहिनीला आधीच बोलून झालंय तुमचं. देतात. चांगल्या धारदार देतात. पण ती त्यांची वस्तू, जेवण झालं की ते उचलून नेतात. तुम्हाला सफरचंद सोलून हवं असेल तर नुसतं सांगायचं, कापून आणून देतात, पपई कलिंगड अननस तर सकाळी कापलेलंच मांडलेलं असतं. मला माहितीये तुम्हाला दुसऱ्याने सोललेलं आवडत नाही. मी सोलेन. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला दिलंत, सात दिवस माझ्या हातचं खा ना.

जेवणाची काळजी करू नका. वरण, भात, भाजी, दही मिळेल, मी बुकिंग करतानाच शाकाहारी भारतीय जेवण कळवून ठेवलंय. या जहाजांवर काम करणारी बरीच मुलं गोव्याची, मुंबईची असतात, कोकणी मराठी बोलणारं कोणीतरी भेटेल, बाबांना गप्पांना माणूस मिळेल. गरम पाणी चोवीस तास. आई, आंघोळीला बादली-तांब्या नाही पण हातात धरायचा शॉवर असतो आणि बाथरूममध्ये धरायला दांडा असलेली केबिन मी मुद्दाम घेतलीये. जिना चढायचा नाही, लिफ्ट आहे. बोट लागली तर आलेपाक जवळ ठेव, आणि खरंच त्रास झाला तर गोळी देईन, डॉक्टरांना विचारून झालंय.

आता आई तुझं. तुझ्या बॅगेतल्या टोकदार गोष्टी चालतात, उलट त्या न्यायच्याच आहेत. इन्सुलिनची पेनं, सुया, शुगर तपासायच्या टोचण्या, हे सगळं हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत अजिबात नाही, विमानाच्या खालच्या भागात थंडीने इन्सुलिन गोठू शकतं आणि एकदा गोठलं की ते वाया गेलं, परत वितळून उपयोग नाही. जहाजावर पण मोठी बॅग उशिरा येते, तोवर तुझ्या संध्याकाळच्या डोसची वेळ होऊन जाईल. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं कंपनीचं नाव न लिहिता त्यातल्या औषधाचं नाव लिहिलेली, तिच्या दोन प्रती. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत आई, केबिन झाडणाऱ्या पोराच्या हातात घुसतात. सुयांसाठी वेगळा घट्ट झाकणाचा डबा मागितला की देतात, मी पहिल्याच दिवशी मागून घेईन. केबिनमधला छोटा फ्रिज फारसा गार नसतो म्हणून औषधांसाठी नीट फ्रिज हवाय असंही कळवलंय.

क्रोशाची सुई आण, चालते. छोटी कात्री मोठ्या बॅगेत टाक, म्हणजे मुंबईला कोणी अडवायला नको. बाबांचं रेझर पण मोठ्या बॅगेत, सुटी ब्लेडं विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत. नेलकटर कुठेही चालतं. आजीचा अडकित्ता नाही. तो मुळात सुपारीसाठी लागतो आणि सुपारी डॉक्टरांनी दोनदा बंद करायला सांगितलीये, बाबा, बडीशेप भाजून आणा. उदबत्ती, कापूर, निरांजन जहाजावर चालत नाही, आगीच्या भीतीने, इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड पण नाही. देवाचा छोटा फोटो आण आई, बॅटरीवरचा दिवा मी घेऊन ठेवलाय. तुला तो दिवा वाटणार नाही हे कळतं मला. हात जोडायला तेवढा पुरे सात दिवस.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत घालू नकोस. तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, विमानाच्या नियमात धोकादायक मालात मोडतं. आणि बाबा, कलमाच्या काड्या ओल्या रुमालात गुंडाळून आणायचा विचार मनातही आणू नका, रोपं, काड्या, बिया इथे परवान्याशिवाय आत येत नाहीत.

हे लिहिताना वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. आंब्याचा सीझन संपला की तुमचे खरे दिवस सुरू होतात, पहिला पाऊस, रुजलेल्या कोयी, कोवळी लालसर पानं, आणि नेमकं तेव्हाच मी तुम्हाला इकडे ओढतेय. पण अलास्काच्या क्रूझ इकडच्या उन्हाळ्यातच असतात, आणि छोटीला सुट्टी तेव्हाच, आणि आईचे गुडघे पुढच्या वर्षी कसे असतील कोणी सांगावं. यंदाची कलमं दादा बांधेल. तुमच्यासारखी नाही बांधणार, चार मरतील, पण शिकेल. चाकू तेवढ्यासाठी त्याच्या हातात देता आला तर बघा. मी सांगितलं म्हणून नाही, तुम्हाला वाटलं तर.

आणि पाऊस म्हणाल तर केचिकान नावाचं गाव लागतं वाटेत, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या रत्नागिरीला भारी पडेल असा. लाकडी घरं, रस्ते ओलेचिंब, आणि मागे हिरवे डोंगर. तुम्ही तिथे उतरलात की घरी आल्यासारखं वाटेल बघा, फक्त गारठा जास्त, स्वेटर हवाच. जूनोला तर रस्त्याने जाताच येत नाही, बोट नाहीतर विमान, आणि ते म्हणे राज्याच्या राजधानीचं गाव. हिमनदी दिसेल. नशीब असेल तर व्हेल.

आई, तिथल्या दुकानांत तुला एक वस्तू दिसेल, उलू म्हणतात. अर्धगोल पातं आणि वर मधोमध मूठ. अलास्काच्या उत्तरेकडच्या इनुपिआक आणि पश्चिमेकडच्या युपिक बायका पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरतात, मासे साफ करायला, कातडी तासायला, सगळ्याला. तुझी विळी जमिनीवर आणि हात वर, यांचं उलट, पातं हातात. तुला हातात घेऊन बघावंसं वाटणारच. आवडलं तर घ्यायचं, "कशाला खर्च" करायचं नाही. जहाजावर परत चढताना ते सिक्युरिटीवाले काढून घेतील, पावती देतील आणि प्रवास संपताना परत देतील, तिथे विकत घेतलेल्या उलूंची त्यांना सवय आहे. तेव्हा घाबरून तिथेच टाकून येऊ नकोस. येताना विमानात मोठ्या बॅगेतून जाईल. बाबांना धार लावायला एक काम होईल.

आता ऐका नीट. बॅगांचं वजन घरीच करा, एसटी स्टँडवरच्या काट्यावर नको. कॅनडाच्या व्हिसाचे पासपोर्ट हातातल्या बॅगेत, आईच्या पिशवीत नको, पन्हाळ्याचं लक्षात आहे माझ्या. जहाज शेवटी व्हिक्टोरियाला थांबतं म्हणून तो व्हिसा लागतोच, तेव्हा "आता कशाला" म्हणून कपाटात ठेवून येऊ नका. बीपीच्या गोळ्या दोघांच्या वेगळ्या पाऊचमध्ये, नावं लिहून, परतीच्या तारखेपेक्षा दहा दिवस जास्त. बाबा, काठी आणायचीच, मशीनमधून काढून परत देतात. आणि एअरपोर्टवर दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीये. बाबा, तुम्हाला चालता येतं हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण आई एकटी बसणार नाही, तुम्ही बसलात तर बसेल. तिच्यासाठी बसा.

बॅगा भरून झाल्या की बंद करायच्या आधी दादाला फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमची,
धाकटी