रस्ता दाखवणाऱ्यांचे आभार
अनोळखी मोठ्या शहरात आईला घेऊन फिरताना ‘इथे जवळपास स्वच्छतागृह आहे का हो?’ असं ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. विशेषतः वाचनालयातल्या त्या ताईंचे. आम्ही सभासद नाही हे दिसतच होतं, तरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. नुसता हात न दाखवता त्या उठून आल्या, लिफ्टचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, “सावकाश होऊ द्या, घाई नाही.” आईचा अर्धा ताण तिथेच उतरला. संग्रहालयाच्या दारावरच्या दादांनी तिकीट नसताना आत सोडलं, त्यांचेही आभार. (नियमात बसत होतं का, ते विचारू नका!)

काही मदतनीस तर दिसलेही नाहीत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर स्वयंसेवक स्वच्छतागृहं नोंदवतात: पैसे लागतात का, कधी उघडं असतं, व्हीलचेअर आत जाते का, बाळाचा डायपर बदलायला सोय आहे का. प्रवासात मुद्दाम पाणी कमी पिणाऱ्या बायकांना या नोंदींचं मोल विचारा. आम्हाला सापडलेली नवी ठिकाणंही आता तिथे चढवली आहेत, कुलूपबंद होतं ते कुलूपबंद म्हणूनच.