गेमिंग संगणकातील दुसरे ग्राफिक्स कार्ड निरुपयोगी असल्याबाबत तक्रार

मानेवाडा, नागपूर
दिनांक : १० जून २०२४

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : चुकीची माहिती देऊन दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक विकल्याबाबत, कार्डे परत घेऊन एकच मोठे कार्ड मिळण्याबाबत

महोदय,

यंदाच्या पाडव्याला आमच्या घरात आलेल्या संगणकाबद्दल हे पत्र आहे. २८ मार्चला मी आपल्या संकेतस्थळावर १,३४,५०० रुपये एकरकमी भरले. ९ एप्रिलला गुढी उभारून झाल्यावर मुलाने संगणक सुरू केला. त्यात जीफोर्स आरटीएक्स ३०६० ची, प्रत्येकी १२ जीबी मेमरीची, दोन कार्डे आहेत. त्यातले खालचे कार्ड दोन महिन्यांत एकाही गेममध्ये क्षणभरही कामाला आलेले नाही, आणि पुढेही येणार नाही. हे विकताना आपल्याला ठाऊक असायलाच हवे होते. मला मात्र नेमके उलटे सांगण्यात आले.

मी बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. संगणकातले मला फार कळत नाही, पण लोड, वॅट आणि गरम होणाऱ्या वस्तू हे माझे रोजचे काम आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा दोन वर्षांचा बोनस आणि त्याने शाळेपासून साठवलेले दिवाळीचे, वाढदिवसाचे पैसे मिळून हा संगणक झाला. काय काय घ्यायचे याची यादी त्याने वहीच्या पानावर पेन्सिलीने केली होती. ग्राफिक्स कार्डापुढे त्याने एकच नाव लिहिले होते, आरटीएक्स ४०७०, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. "बाबा, एकच घ्या, पण मोठं घ्या," एवढेच त्याचे म्हणणे होते.

तीच यादी समोर ठेवून मी आपल्या विक्री विभागाला फोन केला. प्रतिनिधी म्हणाला, "काका, तेवढ्याच पैशात दोन कार्डं बसवून देतो. एका बैलापेक्षा बैलजोडी बरी ना? फ्रेम दुप्पट, मेमरी चोवीस जीबी." फ्रेम म्हणजे पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रे. मला ते पटले. आमच्या कारखान्यात दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडलेले आहेत, ते भार वाटून घेतात हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. कार्डांचेही तसेच असेल असे वाटले. हा संगणक फक्त गेमसाठी हवा आहे हे मी त्या एका फोनवर तीनदा सांगितले. मुलगा शेजारी उभा राहून मान हलवत होता, नको म्हणत होता. त्याला मी गप्प केले. "ते लोक रोज हेच विकतात, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं," असे मी त्याला म्हणालो. माझे हे वाक्य मला अजून बोचते आहे, म्हणून ते इथे लिहितो.

पहिले पंधरा दिवस मुलगा काहीच बोलला नाही. मीच एका रविवारी विचारले, कसे चालते आहे रे? त्याने गेम सुरू केला आणि संगणकाचा कोणता भाग किती काम करतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून दाखवला. पडद्यावर दोन चौकोन होते. वरच्या कार्डाच्या चौकोनात आलेख अगदी माथ्याला टेकलेला, ९८ आणि ९९ टक्के. खालच्या कार्डाच्या चौकोनात तळाला चिकटलेली एक सरळ रेघ. शून्य टक्के. मधूनच एक, पुन्हा शून्य. त्या दिवशी त्याने पाच वेगवेगळे गेम लावले. पाचही वेळा ती रेघ जागची हलली नाही.

आपल्या सेवा विभागाशी माझे तीनदा बोलणे झाले. २२ एप्रिलला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकायला सांगितले, ते केले. ३ मे रोजी सांगितले की गेममध्ये सोय नसेल तर ती गेम बनवणाऱ्याची जबाबदारी. १४ मे रोजी सांगितले की संगणक स्वखर्चाने कुरिअरने पुण्याला पाठवा, तपासून कळवू. नागपूर ते पुणे सातशे किलोमीटर. एवढे वजनाचे, काचेच्या बाजूचे खोके मी स्वतःच्या जोखमीवर का पाठवावे? तिन्ही वेळा एकानेही असे म्हटले नाही की हे कार्ड जोडीने चालण्यासाठी बनलेलेच नाही.

ते सांगितले सीताबर्डीतल्या एका दुरुस्ती करणाऱ्याने, पाच मिनिटांत, एक रुपया न घेता. त्याने बाजूचे झाकण काढले (त्यावर आपले कोणतेही सील नव्हते, फोटो काढून ठेवला आहे), आत टॉर्च मारली आणि विचारले, "काका, हे दुसरं काऊन लावलं?" मी बैलजोडीचे सांगितले. त्याने खालचे कार्ड अलगद बाहेर काढले आणि त्याच्या वरच्या कडेवरून माझे बोट फिरवले. कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट होती. "दोन कार्डं जोडाले वरून ब्रिज लागते. ब्रिज बसवाले इथं सोन्याच्या पट्ट्यांची खाच पाहिजे. याले खाचच नाही, तर हे आपसात बोलतीन कसे?"

त्यानंतर मुलाने मला यामागची सगळी हकीकत सांगितली, आणि मी ती या कार्डांची चिप बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीच्या स्वतःच्या माहितीशी पडताळून पाहिली. आपल्या प्रतिनिधीचे बोलणे हवेतून आलेले नाही, ते जुने झालेले आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ या कार्डांची जोडी लावता येत असे. २००४ मध्ये एनव्हीडियाने एसएलआय या नावाने तीच कल्पना पुन्हा आणली, पुढच्या वर्षी एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीचे क्रॉसफायर आले. एक चित्र पहिले कार्ड काढायचे, पुढचे चित्र दुसरे कार्ड, अशी आळीपाळी चालायची. त्या काळीही वेग क्वचितच दुप्पट होई आणि खेळताना बारीक हिसके बसत, कारण दोघांची चित्रे समान अंतराने येत नसत. पुढे गेमची चित्रे तयार करण्याची पद्धत बदलली. आताचे गेम नवे चित्र काढताना आधीच्या चित्रातली माहिती वापरतात, आणि ते आधीचे चित्र दुसऱ्याच कार्डाकडे असले तर ती इकडून तिकडे नेण्यातच वेळ जातो. आळीपाळी तिथेच मोडली.

आता तारखा पाहा. २०२० मध्ये आलेल्या ३० मालिकेत (३०६० हे त्यातलेच) जोडीसाठीची खाच फक्त आरटीएक्स ३०९० ला, आणि पुढे ३०९० टीआयला, दिली गेली. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हीडियाने जुन्या कार्डांसाठीही नव्या एसएलआय प्रोफाइल, म्हणजे एखाद्या गेममध्ये जोडी कशी चालवायची याच्या सूचना, देणे थांबवले. आरटीएक्स ३०६० बाजारात आले फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे जे कार्ड आपण मला मार्च २०२४ मध्ये जोडीने विकले, ते बाजारात यायच्या आधीच ही सोय संपत आली होती, आणि या कार्डाला तर ती कधी नव्हतीच. बैलजोडीला जू लागते. आपण मला जू बसवायला जागाच नसलेले दोन बैल दिलेत, आणि किंमत जोडीची घेतलीत.

अजूनही गेम बनवणाऱ्याने खास मेहनत घेतली तर ब्रिजशिवाय दोन कार्डे कामाला लावता येतात. २०१६ चा 'अॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' हा तसा गेम आहे. पण असे गेम बोटावर मोजण्याइतके आहेत, आणि मुलगा जे खेळतो त्यात असा एकही नाही. ब्लेंडरसारख्या थ्रीडी चित्रे बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये रेंडरिंगला दोन्ही कार्डे खरोखर राबतात, हेही मला आता माहीत आहे. ते काम करणाऱ्याला आपण हा संगणक जरूर विका.

चोवीस जीबीचा दावा तर कोणत्याच काळात खरा नव्हता. जोडी चालत असे तेव्हाही प्रत्येक कार्डाला त्याच गोष्टींची स्वतःची प्रत ठेवावी लागे. दोन कारकुनांना एकाच रजिस्टरची एकेक प्रत दिली म्हणून रजिस्टरची पाने वाढत नाहीत. गेमसाठी या संगणकात १२ जीबीच आहे. आपल्या संकेतस्थळाच्या पानावर मात्र आजही मोठ्या अक्षरांत 'एकूण २४ जीबी ग्राफिक्स' असे लिहिलेले आहे.

निरुपयोगी कार्ड नुसते पडून राहिले असते तरी मी एकवेळ गप्प बसलो असतो. पण ते नुकसान करत होते. दोन्ही कार्डांच्या मधे जेमतेम बोटभर फट आहे. वरच्या कार्डाचे पंखे त्याच फटीतून हवा ओढतात, आणि ती अडवून खालचे कार्ड बसलेले. नागपूरचा मे महिना आपल्याला माहीत नसेल. दुपारी ४५ अंश, खोलीत कूलर चालू असूनही भिंती गरम. त्यात वरचे कार्ड ८४ अंशांवर जायचे आणि पंख्यांचा आवाज बाहेरच्या ओसरीत ऐकू यायचा. सीताबर्डीहून परत आल्यावर आम्ही खालचे कार्ड न बसवता तोच गेम, त्याच जागी, त्याच वेळी चालवून पाहिला. तापमान ७६ अंशांवर थांबले. फ्रेम दोन कार्डे असताना सेकंदाला सरासरी ६२ होत्या, एका कार्डावर ६३ आल्या. खालचे कार्ड काही न करता १४ वॅट वीज खात होते, हे मी प्लगला वॅटमीटर लावून स्वतः मोजले आहे.

विजेचाच विषय निघाला म्हणून : मुलाच्या यादीत ६५० वॅटचा पॉवर सप्लाय होता. दोन कार्डांसाठी म्हणून आपण तो ८५० चा केला आणि ३,२०० रुपये वाढवले. ३०६० चे एक कार्ड पूर्ण भारावर १७० वॅट घेते, म्हणजे दोन मिळून ३४०. ज्या एका ४०७० ला आपण नको म्हणायला लावले ते २०० वॅटमध्ये चालते, आणि गेममध्ये एका ३०६० च्या कितीतरी पुढे असते. हा हिशेब मला फोनवर कोणी सांगितला असता तर मी दुसरे काही विचारलेच नसते. शिवाय आपण दिलेल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत स्पष्ट छापले आहे की दुसरे कार्ड बसवायच्या स्लॉटला सोळा नव्हे, चारच लेन, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, जोडलेल्या आहेत. संगणक जोडणाऱ्या आपल्या माणसाने ती पुस्तिका पाहिलीच असेल.

आपला जो प्रतिनिधी फोनवर माझ्याशी बोलला त्याच्यावर माझा राग नाही, आणि त्याच्यावर कारवाई व्हावी अशीही माझी इच्छा नाही. त्याने जे सांगितले तेच शब्द आपल्या पानावर आहेत. त्याला जे वाचायला दिले ते त्याने वाचले. एनव्हीडियाच्या कार्डांतही दोष नाही, दोन्ही सुटी सुटी उत्तम चालतात. ही तक्रार ते पान लिहिणाऱ्यांबद्दल आणि त्याला मंजुरी देणाऱ्यांबद्दल आहे.

माझी मागणी अशी आहे. दोन्ही आरटीएक्स ३०६० कार्डे आपल्या खर्चाने परत न्यावीत आणि त्याच रकमेत एक आरटीएक्स ४०७० द्यावे, म्हणजे जे मी मुळात मागायला फोन केला होता ते. पॉवर सप्लायचे जादा ३,२०० रुपये परत करावेत. ४०७० देणे शक्य नसेल तर दुसऱ्या कार्डाचे बिलात लावलेले २७,००० रुपये आणि हे ३,२०० मिळून ३०,२०० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. आणि 'फ्रेम दुप्पट', 'एकूण २४ जीबी' हे दोन्ही दावे पानावरून काढावेत. या शेवटच्या मागणीत मी तडजोड करणार नाही. माझ्या घरात निदान सांगणारा मुलगा होता. ज्या घरात तसे कोणी नाही तिथे ती खालची रेघ कोणाला दिसणारही नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. त्यासाठी मला पुण्याला यावे लागणार नाही. तरीही ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण संगणक आपण बाकी चांगला बांधला आहे. केबल ज्या नीटनेटकेपणाने आवळल्या आहेत ते माझ्या धंद्यातल्या माणसाच्या लगेच लक्षात येते.

बिल, टास्क मॅनेजरचे पाच फोटो, तापमान आणि फ्रेमच्या नोंदी, झाकण उघडण्यापूर्वीचा फोटो, आपल्या पानाचा २८ मार्चचा आणि आजचा स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. खालचे कार्ड त्याच्या मूळ पिशवीत आणि खोक्यात घालून कपाटात ठेवले आहे. वरचे कार्ड मात्र नवे हातात आल्यावरच काढून देऊ, तोवर मुलाचा संगणक बंद राहायला नको. आपला माणूस संध्याकाळी साडेसहानंतर कधीही पाठवावा. मी ड्यूटीवरून तोपर्यंत आलेलो असतो, आणि मी नसलो तर मुलगा असतो. या वेळी काय द्यायचे, काय घ्यायचे, हे त्याच्याशीच बोलावे.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत.)