अंगणवाडीच्या परसबागेत आमच्या मुलांनाही हात घालू द्या

प्रति,
माननीय मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कोरेगाव तालुक्यातली एक आई. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. बसायलाच त्याला दीड वर्ष लागलं. आता आधाराने उभा राहतो, शब्द पाच-सहा. आठवड्यातून एकदा एसटीने साताऱ्याला फिजिओथेरपीला नेते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आमच्या अंगणवाडीच्या परसबागेची आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण ताई चांगल्या आहेत. बागही छान आहे: मेथी, पालक, कढीपत्ता, शेवगा. फोटो वर पाठवायचा असतो, म्हणून वाफे रेखीव आणि पोरांना आत बंदी. बाकीची पोरं कडेकडेने धावतात तरी. माझा ओसरीवर बसून बघतो.

घरी त्याच्या आजोबांनी गेल्या पावसाळ्यात टोमॅटोच्या जुन्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरलं, माती भरली आणि क्रेट त्याच्या पोटाच्या उंचीला कट्ट्यावर ठेवला. त्यात वाघ्या घेवडा लावला. आमच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण आम्हाला उपयोगी पडला तो त्याचा दाणा. ठसठशीत, रेघारेघांचा, चिमटीत येणारा, आणि आठवडाभरात माती उचलून वर येणारा. मेथी तर त्याहून लवकर. ज्याला अजून ‘उद्या’ कळत नाही, त्याला वांग्याची वाट बघायला कशाला लावायचं?

फिजिओथेरपीत उभं करायचं म्हटलं की दोन मिनिटांत रडारड. क्रेटला धरून पाणी घालताना दहा मिनिटं उभा राहिला. आजोबांनी घड्याळ लावून बघितलं. ओली माती पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा मात्र किंचाळला होता. मग आठवडाभर नुसती कोरडी वाळू, मग भुसभुशीत माती, चिखल शेवटी. झारी जड होते, म्हणून बाटलीच्या बुचाला भोकं पाडली. खुरप्याऐवजी लाकडी चमचा, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दांडा जाड केलेला. खर्च सांगायलाही लाज वाटते.

धोकेही आहेत. दाणा नाकात जातो, घशात अडकतो. मोजून द्यावा, मोजून परत घ्यावा. घेवड्याचा कच्चा दाणा पोटात गेला तर बाधतो. आणि कण्हेर! शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून ती कुंपणाला लावतात. शेळीला कळतं ते आपल्याला कळू नये? हाताला येईल ते तोंडात घालणाऱ्या मुलांच्या आवारात कण्हेर नको, फवारणीही नको.

सरकारी कागदांत आमची मुलं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून विकासातला विलंब तपासतो, अंगणवाडीत वर्षातून दोनदा. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही आणली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत मात्र नुसता ‘विलंब’ नाही. निदान पक्कं होईपर्यंत आम्ही अधांतरी, आणि तोवर मूल मोठं होतं. निदान वाफ्यापर्यंत जायला तरी दाखला लागू नये.

परसबागेच्या सूचनांमध्ये एवढंच वाढवा: प्रत्येक बागेत एक वाफा किंवा क्रेट दीड-दोन फूट उंचीवर, तिथवर सपाट, तीन फूट रुंद वाट, आणि तो वाफा मुलांचाच. तो वाकडातिकडा उगवला तरी फोटोत चालेल, हे लेखी द्या. ताईंना धाक आहे तो फोटोचाच. शिवाय थेरपिस्टने वर्षातून एकदा तरी अंगणवाडीत येऊन, अशा मुलाला उभं करताना मागून कुठे धरायचं ते ताईंना दाखवावं. मला ते कळायला दोन वर्षं लागली.

आमच्याकडे घेवडा जूनमध्ये पेरतात. आदेश त्याआधी निघाला, तर हा हंगाम सापडेल.

आपली,
कोरेगाव तालुक्यातली एक आई