वसईतील चर्च १७३९ मध्ये संपले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील ख्रिस्ती चर्चच्या अखंडतेविषयीचा लेख काल वाचला आणि त्यातील दोन विधाने दिवसभर मनातून जाईनात. पहिले असे की, संत पेत्रापासून आजच्या पोपपर्यंतची यादी सलग असल्यामुळे चर्चची परंपरा दोन हजार वर्षे अखंड आहे. दुसरे असे की, वसईत मात्र १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या विजयाबरोबर ती तुटली आणि इंग्रजी अमलात नव्याने सुरू झाली. सोबत किल्ल्यातील छप्पर नसलेल्या एका चर्चचे छायाचित्र आणि त्याखाली ‘वसईतील चर्चचा शेवट’ अशी ओळ. मी वसईच्याच एका गावात जन्मलेला आणि वाढलेला कॅथलिक आहे, आणि ती ओळ वाचून मला मनापासून वाईट वाटले, रागही आला.

१७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला तेव्हा पोर्तुगीज अधिकारी गेले, त्यांची कुटुंबे गेली, किल्ल्यात ज्यांचे मठ होते ते फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांचे युरोपीय धर्मगुरू गेले. मठ ओस पडले, त्यांच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील १७२१ साल कोरलेली घंटा आजही पाहायला मिळते. लेखकाने हे सारे सांगितले आहे आणि ते खरे आहे. परंतु किल्ल्याबाहेर, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांत राहणारे सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती आणि किनाऱ्यावरचे कोळी ख्रिस्ती कुठे गेले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. ते कुठेच गेले नाहीत. गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली देशी धर्मगुरूंनी गावोगावचे धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती समाज, सांभाळले, बाप्तिस्मे केले, लग्ने लावली, मयतांना माती दिली. १७६० च्या सुमारास मुंबईलगतच्या साष्टी बेटातून प्रवास केलेल्या आंकेतिल द्यु पेराँ या फ्रेंच विद्वानाने, मराठ्यांच्या राज्यात तिथले ख्रिस्ती लोक आपला धर्म मोकळेपणाने पाळत असल्याचे लिहून ठेवले आहे. अडचणी आल्या नाहीत असे मी म्हणत नाही. चर्चची उत्पन्ने गेली, अनेक चर्चे पडीक झाली. पण पडझड होणे वेगळे आणि शेवट होणे वेगळे, हा फरक इतिहासावर लिहिणाऱ्याने तरी राखायला हवा होता.

याचा पुरावा आमच्या आळीच्या तोंडाशी उभा होता, आणि तो आमच्याच माणसांनी झाकला, हे सांगताना मला यातना होतात. आमचा जुना दगडी क्रूस छातीएवढ्या चौथऱ्यावर होता. त्याच्या अंगावर शिडी, हातोडा, पकड, तीन खिळे आणि कोंबडा अशी येशूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेली होती, आणि पायाशी पोर्तुगीज अक्षरांच्या दोन ओळी होत्या, त्यांपैकी खालच्या ओळीत साल होते. माझी आजी मे महिन्यातल्या लदीनच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, वेळी तेलवातीच्या उजेडात त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. तिला वाचता येत नव्हते, पण आपल्या सासऱ्याच्या आजोबांनीही इथेच गुडघे टेकले होते, हे तिला पाठ होते. काही वर्षांपूर्वी सुशोभीकरणाच्या नावाखाली त्या चौथऱ्याला चकचकीत लाद्या लावल्या गेल्या आणि दोन्ही ओळी सिमेंटखाली गेल्या. आधी निदान छायाचित्र तरी काढून ठेवा, अशी विनंती मी समितीला लेखी केली होती. उत्तर आले नाही, एक दिवस गवंडी आले आणि काम उरकून गेले. आज कोणी मला विचारले की मराठ्यांच्या काळात तुमच्या गावात लोक प्रार्थनेला जमत होते हे कशावरून, तर दाखवायला माझ्याकडे लादी आहे. अशा वेळी आपल्या वृत्तपत्रानेही पडक्या भिंतींचे चित्र छापून शेवट झाल्याचे सांगावे, हे मला सहन झाले नाही.

आता त्या यादीविषयी. मी कॅथलिक आहे आणि प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा मी श्रद्धेने मानतो. मात्र त्या यादीवरच अखंडता सिद्ध करायची असेल, तर १२६८ च्या नोव्हेंबरात चौथे क्लेमेंट वारल्यानंतर १२७१ पर्यंत पोपची निवडच झाली नव्हती, आणि १३७८ पासून आधी दोन व पुढे तीन जण एकाच वेळी स्वतःला पोप म्हणवत होते, हेही वाचकांना सांगायला हवे. त्या फुटीत सिएनाची संत कॅथरिन रोमच्या बाजूने उभी होती आणि संत व्हिन्सेंट फेरर फ्रान्समधील आव्हिन्यों येथील पोपच्या बाजूने. १४१७ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत पाचव्या मार्टिन यांची निवड झाल्यावर ती फूट बहुतांशी मिटली. त्या साऱ्या वर्षांत गावोगावच्या वेदीवर मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, चालू होती आणि मुलांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी पडत होते. चर्च टिकले ते त्यामुळेही.

याहून मोठे उदाहरण जपानचे आहे, आणि वसईकरांना ते परके नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये रोमने त्यांना संत म्हणून घोषित केले. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, १६४४ मध्ये तिथला शेवटचा धर्मगुरू मारला गेला आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात जपानी ख्रिस्ती लोकांना ना धर्मगुरू होता, ना बिशप, ना मिस्सा. नागासाकीजवळच्या उराकामी गावात मात्र एक जण सणवारांचे पंचांग सांभाळत होता, एक जण बाप्तिस्मा देत होता आणि काही जण घरोघरी निरोप पोहोचवत होते. गरज पडल्यास कोणीही पाणी आणि ठरलेले शब्द वापरून बाप्तिस्मा देऊ शकतो, हे चर्चचेच शिक्षण आहे, आणि त्या शेतकऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. १७ मार्च १८६५ रोजी, परदेशी रहिवाशांसाठी नुकत्याच बांधलेल्या ओउरा येथील चर्चमध्ये काही गावकरी आले, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे असे त्यांनी तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पतिझाँ यांना सांगितले आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. ते चर्च गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांच्याच नावे बांधलेले होते. जपानमधील चर्च १६४४ मध्ये संपले असे आपले लेखक लिहितील काय? लिहिणार नसतील, तर ज्या वसईत धर्मगुरूही होते आणि बिशपांचा अधिकारही होता, तिथले चर्च संपल्याचे त्यांनी कशाच्या आधारावर लिहिले?

खरोखर तुटलेली परंपरा दाखवायची होती, तर ती जवळच होती. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमणूक होऊन आलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि हे आपले कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले, त्याआधी ते तिथल्याच पूर्वेकडील परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. पुढे ती घरे इतिहासातून दिसेनाशी होतात. दोन शतकांनी पोर्तुगीज आले तेव्हा इथे सारे नव्याने सुरू झाले. यावर लेखात एक अक्षरही नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत. ‘वसईतील चर्चचा शेवट’ ही ओळ चुकीची असल्याचा खुलासा आपण येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर छापावा. आणि वसई, साष्टी, मुंबईतील ज्या गावांत जुने क्रूस आहेत, तिथल्या समित्यांनी डागडुजीचे काम काढण्यापूर्वी त्यांवरील अक्षरे आणि साले उतरवून घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि त्यांची एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवावी. हे आवाहन आपण माझ्या पत्रासह प्रसिद्ध केल्यास मी आपला आभारी राहीन.

आपला जुना वाचक,
वसई, जि. पालघर